इनमिफाय: कापूस खरेदीच्या कामात वापरलेली एक छोटी लायब्ररी

जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत ठरावीक मूल्यांची यादी करायची (अशा यादीला ‘इनम’ म्हणतात), प्रत्येक मूल्याला स्वतःची ओळख द्यायची आणि यादीबाहेरचं काही आलं तर ते दारातच पकडायचं, यासाठी ‘इनमिफाय’ नावाची एक लहानशी लायब्ररी, म्हणजे आयता वापरता येणारा कोड, आहे. जावास्क्रिप्टवर सातत्यानं लिहिणारे म्युनिकचे ॲक्सेल राउशमायर यांनी ती केली. मोफत आहे, जावास्क्रिप्टची पॅकेजं जिथे मिळतात त्या एनपीएमवर मिळते. मी हिंगणघाटजवळच्या एका गावातून जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर करते. त्या कामात ही लायब्ररी रोजच्या वापरात आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे. वर्धा-यवतमाळकडे गावात राहून एकट्यानं असं काम करणारी बरीच मुलंमुली आता आहेत, आणि त्यांना अशा गोष्टींबद्दल मराठीत वाचायला फारसं काही सापडत नाही.

माझं मत आधीच सांगते. तुमच्या मूल्यांना नुसतं नावच असेल, त्यापलीकडे काही नसेल, तर इनमिफाय घेऊ नका. प्रत्येक मूल्याबरोबर त्याचा एखादा नियम येत असेल, तर घ्या, आणि खालच्या अडचणी वाचून घ्या.

नियम म्हणजे काय, ते कापसावरून लगेच कळेल. दसरा झाला की आमच्याकडे कापूस घराबाहेर पडतो. जिनिंगच्या फाटकावर बंड्या, ट्रॅक्टर, छोटे हत्ती रांगेत लागतात. आधी नोंद होते. मग ओलावा मोजतात. सीसीआयच्या (कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, तिथून १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात, आणि १२ च्या वर गेला की माल घेत नाहीत. खासगी व्यापाऱ्यांचे हिशेब आणखी वेगळे. मग कापूस हातात घेऊन, धागा ओढून प्रत ठरते. भरल्या गाडीचं वजन होतं, कापूस गंजीवर खाली होतो, रिकाम्या गाडीचं वजन होतं, हिशेबाची पट्टी निघते, आणि पैसे खात्यात जमा होतात. म्हणजे इथे दोन याद्या आल्या. एक प्रतींची: लांब धागा, मध्यम धागा, कवडी (डागाळलेला, हलका कापूस), फरदड. दुसरी मालाच्या अवस्थांची: नोंद, ओलावा, प्रतवारी, भरलं वजन, गंजी, रिकामं वजन, पट्टी, जमा, आणि माल घेतला नाही तर परत. दोन्ही याद्या छोट्याच आहेत, पण शेतकऱ्याचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो.

माझ्याकडे हे काम आलं तेव्हा एका ठिकाणी आधीपासून एक सॉफ्टवेअर चालू होतं, दुसऱ्या कोणी करून दिलेलं. त्यात या सगळ्या याद्या साध्या स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, होत्या, आणि त्या तीन वेगवेगळ्या स्क्रीनवर हातानं लिहिलेल्या होत्या. एका स्क्रीनवर ‘फरदड’, दुसऱ्यावर ‘फरतड’, आणि तिसऱ्यावर ‘फरदड’ लिहून पुढे एक रिकामी जागा. भावाच्या तक्त्यात ‘फरतड’ नव्हतं. जावास्क्रिप्ट अशा वेळी तक्रार करत नाही, ‘अनडिफाइंड’, म्हणजे ‘मूल्यच नाही’, देतं. त्या अनडिफाइंडला क्विंटलनं गुणलं की उत्तर येतं ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’. तेही तक्रार न करता. मग छपाई होते, आणि पट्टीवर रकमेच्या जागी तीन इंग्रजी अक्षरं येतात. पट्टी हातात घेऊन एक म्हातारे काका खिडकीशी उभे होते. “बाई, हे काय लिवलं व्हय? मले पैसे किती भेटन थे सांगा.” दिवाणजी म्हणाले, “थांबा काका, मॅडमले दाखवतो.” त्या माणसाची वर्षभराची कमाई त्या कागदावर होती. चूक घडली प्रत निवडताना आणि दिसली पट्टी छापताना. मधल्या तीन टप्प्यांवर कोणालाच काही कळलं नव्हतं. इनमसारख्या कोरड्या विषयाची मला एवढी कळकळ का, तर त्या पट्टीमुळे.

(फरदडीबद्दल थोडं. हंगाम संपल्यावर पाणी देऊन पुन्हा घेतलेला कापूस म्हणजे फरदड. ती घेऊ नका असं कृषी विभाग सांगतो, कारण उभ्या पिकात गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं. २०१७ मध्ये त्या अळीनं विदर्भात काय केलं ते आम्ही पाहिलं आहे. तरी फरदड बाजारात येते, आणि आली की तिची नोंद खरी व्हायला पाहिजे. यादीतून नाव काढून टाकलं म्हणून माल येणं थांबत नाही, तो दुसऱ्या कुठल्या तरी नावाखाली घुसतो.)

मराठी स्ट्रिंगांची आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजीतल्या लेखांत तुम्हाला सापडणार नाही. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातला ‘ऱ्’ टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. काही कीबोर्ड खास ‘ऱ’ हे अक्षर आणि हलन्त देतात. काही साधा ‘र’, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जावास्क्रिप्टला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या पद्धती एका रूपात आणणं) केलं तरी हा फरक जात नाही, कारण ते अदृश्य चिन्ह जागेवरच राहतं. म्हणजे एकानं मोबाइलवरून भरलेली ‘शेतकऱ्याकडून परत’ ही अवस्था आणि दुसऱ्यानं संगणकावरून भरलेली तीच अवस्था जुळत नाहीत, आणि कितीही वेळ डोळे फाडून पाहिलं तरी चूक दिसत नाही. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची नावंही देवनागरीत ठेवता येतात, आणि नावांनाही हीच अडचण लागू आहे. म्हणून माझा नियम असा: आतली किल्ली (प्रोग्राम मूल्य ओळखतो ते नाव) नेहमी रोमन अक्षरांत, आणि माणसाला दिसणारं नाव देवनागरीत, वेगळं. किल्लीची तुलना करायची, नाव फक्त छापायचं.

आता लायब्ररीशिवाय काय करता येतं, ते पाहू. सगळ्यात साधा मार्ग म्हणजे एक ऑब्जेक्ट (किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्यांचा गठ्ठा) करून त्याला ‘ऑब्जेक्ट.फ्रीझ’ लावणं. ईएस ५ या जावास्क्रिप्टच्या २००९ च्या आवृत्तीपासून ही सोय आहे. यादीत कोणी भर घालू शकत नाही, एवढं मिळतं. पण किल्ली चुकली की पुन्हा तेच अनडिफाइंड, आणि मूल्य शेवटी स्ट्रिंगच असल्यामुळे प्रतीच्या जागी अवस्था दिली तरी कोणी अडवत नाही. २०१५ मध्ये आलेले ‘सिम्बॉल’ वापरले तर प्रत्येक मूल्य अनोखं होतं, दुसऱ्या कशाशीच जुळत नाही. ते मला आवडलं होतं. पण माहिती पाठवायच्या जेसन या मजकुरी स्वरूपात सिम्बॉल जात नाहीत, ज्या रकान्यात सिम्बॉल आहे तो अख्खा रकानाच वगळला जातो. सर्व्हरकडे नोंद पोचते ती प्रतीशिवाय.

टाइपस्क्रिप्टचा, म्हणजे जावास्क्रिप्टला टाइपांची (मूल्यांच्या प्रकारांची) तपासणी जोडणाऱ्या भाषेचा, स्वतःचा ‘इनम’ आहे, आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. त्याच्या काही खोडी माहीत असाव्यात. आकड्यांच्या इनममध्ये उलटी नोंदही तयार होते, म्हणजे नावावरून आकडा आणि आकड्यावरून नाव. अशा इनमवरून ड्रॉपडाउन भरायला गेलात तर दुप्पट ओळी येतात, अर्ध्या नावांच्या आणि अर्ध्या आकड्यांच्या. २०२३ च्या ५.० आवृत्तीपर्यंत तर आकड्यांच्या इनमच्या जागी कुठलाही आकडा दिला तरी कंपायलर (कोड चालवण्याआधी तपासणारा प्रोग्राम) चालवून घ्यायचा. स्ट्रिंगचे इनम २०१७ पासून आहेत आणि ते बरे आहेत. पण आता नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) टाइपस्क्रिप्टच्या फाइली नुसते टाइप पुसून थेट चालवतो, आणि इनम हा नुसता टाइप नसल्यामुळे तो असा पुसता येत नाही. २०२५ च्या ५.८ आवृत्तीत अशा गोष्टींना मनाई करणारा पर्यायही आला. ज्याला पुढे दहा वर्षं टिकणारा कोड लिहायचा आहे, त्यानं इनम वापरताना हे लक्षात घ्यावं.

इनमिफायमध्ये नवी भाषा काही नाही. तुम्ही एक साधा क्लास (मूल्यांचा साचा) लिहिता, तो इनमिफायच्या मूळ क्लासपासून काढता, आणि प्रत्येक मूल्य त्या क्लासचं स्थिर (‘स्टॅटिक’) फील्ड, म्हणजे साच्यावरच ठेवलेला रकाना, म्हणून तयार करता. प्रत नावाचा क्लास, त्यात ‘लांब’ म्हणजे एक नवी प्रत, ‘मध्यम’ म्हणजे एक नवी प्रत, याप्रमाणे. शेवटी अधोरेषेच्या नावाचं एक फील्ड ठेवून त्यात ‘क्लोजइनम’ बोलावायचं, म्हणजे यादी बंद झाली. त्या वेळी लायब्ररी सगळी फील्डं फिरून पाहते आणि प्रत्येक मूल्याला त्याची किल्ली व क्रमांक देते. नंतर कुठलंही मूल्य छापलं की ‘क्लासचं नाव, टिंब, किल्ली’ असं नीट दिसतं. लॉग वाचताना याची किंमत कळते. ‘३’ असं दिसण्यापेक्षा ‘प्रत.कवडी’ दिसलं की रात्री साडेदहाला फोनवर दिवाणजींशी बोलताना दोन वाक्यांत काम होतं. यादी ‘फॉर-ऑफ’ लूपमधून फिरवता येते, आणि तीही लिहिलेल्याच क्रमानं येते. माझे सगळे ड्रॉपडाउन असेच भरतात. वेगळी यादी कुठेही लिहिलेली नाही.

इंटरनेटवर शोधाल तर काही जुन्या लेखांत ‘इनिटइनम’ नावाची पद्धत दिसेल, कंसात किल्ल्यांची यादी दिलेली. ती पहिल्या आवृत्तीची आहे. आता स्थिर फील्डांची पद्धत आहे, तीच वापरा. संपादकाला ती समजते, त्यामुळे टिंब दिलं की मूल्यांची नावं समोर येतात. जुन्या पद्धतीत ते होत नव्हतं.

खरा फायदा मात्र मूल्यांना वागणूक देता येते, हा आहे. प्रत हा क्लास असल्यामुळे त्याला कन्स्ट्रक्टर (मूल्य तयार करणारं फंक्शन) आहे, मेथड (मूल्याची स्वतःची फंक्शनं) आहेत. लांब धाग्याला दिसणारं नाव, ओलाव्याची मर्यादा, हमीभावाला पात्र आहे की नाही, हे सगळं तिथेच, मूल्य तयार होतं त्याच ओळीत लिहिता येतं. ओलावा देऊन कपात काढणारी मेथडही तिथेच. पूर्वी हा हिशेब काट्याच्या स्क्रीनमध्ये एकदा, पट्टीत एकदा आणि महिन्याच्या अहवालात एकदा, अशा ‘इफ’च्या रांगा लावून केलेला होता. कवडीला वेगळा नियम लावायचा म्हटलं की तिन्ही ठिकाणी हात घालावा लागायचा. आता प्रतीलाच विचारते: ९.५ टक्के ओलावा आहे, तुझी कपात किती? आणि प्रतीच्या जागी अनडिफाइंड आलंच, तर मेथड बोलावताक्षणी जावास्क्रिप्ट ‘टाइपएरर’ देऊन थांबतं. नॅन छापलं जात नाही, गाडी काट्यावर उभी असतानाच चूक समोर येते. तेव्हा शेतकरी समोर असतो, कापूस समोर असतो, आणि खरं काय ते विचारता येतं. माझ्यासाठी या लायब्ररीचं मोल इथेच आहे.

भाव मात्र इनममध्ये ठेवू नका. हे मी जोर देऊन सांगते, कारण मोह होतो. २०२४-२५ मध्ये मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७१२१ रुपये होता, लांब धाग्याचा ७५२१. २०२५-२६ मध्ये ते ७७१० आणि ८११० झाले. खासगी भाव तर सकाळ-संध्याकाळ बदलतो. प्रत बदलत नाही, भाव बदलतो. भाव डेटाबेसमध्ये, तारखेसह असायला पाहिजे, म्हणजे गेल्या हंगामातली पट्टी पुन्हा छापली तरी गेल्या हंगामाचाच भाव निघेल. कुठली प्रत हमीभावाला पात्र, हेही ज्या खरेदीदाराचे नियम बदलतात त्याच्यासाठी मी बाहेर काढलं आहे. नियम पक्का असेल तेवढाच इनममध्ये.

अवस्थांच्या यादीत क्रमाचा उपयोग होतो. नोंद झाल्याशिवाय ओलावा नाही, भरलं वजन झाल्याशिवाय गंजी नाही. ‘यापुढे कुठे जाता येतं’ हे प्रत्येक अवस्थेला सांगता येतं. इथे एक गाठ आहे. स्थिर फील्डं लिहिलेल्या क्रमानं तयार होतात, त्यामुळे ‘नोंद’ तयार करताना कन्स्ट्रक्टरमध्ये ‘ओलावा’ दिला तर तो अजून जन्मलेलाच नसतो, आणि तिथे अनडिफाइंड बसतं. पुढच्या अवस्था क्लासच्या मेथडमध्ये लिहा, म्हणजे त्या विचारल्यावरच शोधल्या जातात. १२ टक्क्यांच्या वरची गाडी ओलाव्यावरून थेट ‘परत’ जाते, म्हणून नुसता ‘पुढचा क्रमांक’ घेऊन चालत नाही. शेतातला माल सरळ रेषेत जात नाही.

यादी बंद करायची ती शेवटची ओळ विसरू नका. विसरलात तर मूल्यं तयार होतात, तुलनाही बरोबर होते, पण किल्ली आणि क्रमांक रिकामे राहतात, आणि हे लवकर लक्षात येत नाही. शिवाय त्या ओळीच्या आधी दुसरं कुठलं स्थिर फील्ड ठेवू नका, उदाहरणार्थ ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा १२. लायब्ररी त्यालाही यादीतलं मूल्य समजून किल्ली लावायला जाते. मेथडला हा त्रास नाही, आणि बाकीची स्थिर फील्डं बंद ओळीनंतर ठेवली तर तीही निर्धोक राहतात. प्रत्येक इनमसाठी मी एक लहान चाचणी लिहिते: यादीत अपेक्षित तेवढीच मूल्यं आहेत ना, आणि प्रत्येकाला किल्ली आहे ना. दहा ओळींची चाचणी असते.

आता सीमेवरच्या गोष्टी. आमच्या काट्यावर नेट सारखं येतं-जातं, वीज तर जातेच, म्हणून ॲप आधी फोनमध्येच, ब्राउझरच्या ‘इंडेक्स्डडीबी’त नोंद ठेवतं आणि नेट आलं की सर्व्हरला पाठवतं. इनमचं मूल्य हे ऑब्जेक्ट आहे. ते जसंच्या तसं जेसनमध्ये गेलं तर किल्ली, क्रमांक, दिसणारं नाव, सगळंच लिहिलं जातं, आणि परत आल्यावर तो नुसता एक ऑब्जेक्ट असतो. तुमची ‘प्रत.लांब’ तो नसतो. समान-समान-समान लावलं तर उत्तर ‘नाही’ येतं. यावर उपाय सोपा आहे. तुमच्या क्लासमध्ये ‘टूजेसन’ नावाची मेथड लिहून फक्त किल्ली परत द्या, आणि आत येताना ‘इनमव्हॅल्यूऑफ’ला किल्ली देऊन खरं मूल्य मिळवा. किल्ली यादीत नसेल तर हे फंक्शन आपण होऊन एरर देत नाही, अनडिफाइंड देतं. म्हणून मी त्याच्याभोवती माझं एक फंक्शन गुंडाळलं आहे: मूल्य सापडलं नाही तर तिथेच एरर, सोबत आलेली किल्ली आणि पावती क्रमांक. बाहेरून आत येण्याची वाट त्या एकाच फंक्शनमधून जाते.

इंडेक्स्डडीबीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि इथे बरेच जण अडकतील. ते साठवताना टूजेसनला विचारत नाही, आपली स्वतःची नक्कल करतं. त्या नकलेत क्लास गळून पडतो, मेथड जातात, आणि मूल्यात एखादं फंक्शन फील्ड म्हणून ठेवलेलं असेल तर साठवणंच नाकारलं जातं. साठवण्याआधी नोंदीतल्या प्रत्येक इनमची किल्ली काढून घ्या, आणि वाचताना पुन्हा त्याच एका वाटेनं आत आणा. हे काम लायब्ररीचं नाही, तिच्या कुठल्याच पर्यायाचंही नाही. पण तिला घेणाऱ्यानं हे आधीच ठरवून घेतलं पाहिजे.

क्रमांक कुठेही साठवू नका. तो यादीतल्या जागेवरून मिळतो. मध्यम आणि कवडीच्या मधे उद्या एखादी नवी प्रत घातली तर तिच्यापुढच्या सगळ्यांचे क्रमांक एकानं सरकतात, आणि गेल्या वर्षीची फरदड या वर्षी कवडी म्हणून वाचली जाईल. किल्ली साठवा. क्रमांक फक्त त्या क्षणी क्रम लावण्यासाठी.

लायब्ररी टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेली आहे, पण ‘टाइप-सुरक्षित’ या शब्दातून जास्त अपेक्षा ठेवू नये. टाइपस्क्रिप्ट क्लासचं नाव पाहत नाही, त्याचा आकार पाहतं. प्रत आणि अवस्था या दोन्ही क्लासमध्ये तुम्ही स्वतःचं काहीच जोडलं नसेल, तर कंपायलरच्या दृष्टीनं दोन्ही एकच आहेत, आणि प्रतीच्या जागी अवस्था दिली तरी तो गप्प बसतो. क्लासमध्ये एक खासगी फील्ड टाकलं की तो दोघांना वेगळं मानतो. हे मी प्रत्येक इनममध्ये करते. दुसरं, ‘स्विच’मध्ये (प्रत्येक मूल्यासाठी वेगळी वाट लिहायच्या रचनेत) एखादं मूल्य राहून गेलं तर स्ट्रिंगच्या युनियनमध्ये (चालतील तेवढ्याच स्ट्रिंग सांगणाऱ्या टाइपमध्ये) कंपायलर सांगू शकतो, इथे सांगू शकत नाही, कारण ही सगळी मूल्यं त्याला एकाच क्लासचे ऑब्जेक्ट म्हणून दिसतात. मी यावर तोड काढली ती अशी, की स्विच शक्यतो लिहायचाच नाही. जे मूल्यागणिक बदलतं ते मूल्याच्या आतच ठेवायचं. कन्स्ट्रक्टरमध्ये एखादी गोष्ट द्यायची राहिली तर कंपायलर लगेच धरतो. इनमव्हॅल्यूऑफचं उत्तरही मूळ इनमिफाय क्लासच्या टाइपचं येतं, तुमच्या क्लासच्या नाही, तेव्हा वर सांगितलेल्या गुंडाळलेल्या फंक्शनमध्येच टाइप बदलून घ्या.

लायब्ररीची फाइल किती मोठी, हा आमच्यासाठी चैनीचा मुद्दा नाही. जिनिंगच्या आवारात चार पत्र्याच्या शेडमध्ये फोनला नेटची एखादीच कांडी येते, आणि हमालांच्या मुकादमाकडे असलेला फोन बऱ्याचदा जुना असतो. तिथे प्रत्येक नवं पॅकेज मी दोनदा विचार करून घेते. इनमिफायचा मूळ कोड एका बैठकीत, चहा होईपर्यंत वाचून होतो, आणि तो मी वाचला आहे. उद्या लायब्ररीची देखभाल थांबली तरी तेवढा कोड स्वतः सांभाळता येईल याची मला खात्री आहे, आणि ज्या गावात मदतीला दुसरा प्रोग्रामर नाही तिथे ही खात्री फार मोठी आहे. स्थिर फील्डं ईएस २०२२ मध्ये प्रमाण झाली. क्रोमला ती २०१९ च्या ७२ व्या आवृत्तीपासून समजतात. अपडेट बंद पडलेल्या एखाद्या फोनवर मात्र अख्खं पानच उघडणार नाही, कारण ती व्याकरणाचीच चूक ठरते. बांधणी करताना बेबलसारख्या साधनातून जुन्या रूपात उतरवून घ्या.

कोणी घ्यावी? पीककर्जाचे अर्ज, दूध संकलन, संत्र्याच्या बागांचे सौदे, रेशनच्या नोंदी, जिथे प्रत्येक प्रकाराला स्वतःचा हिशेब आहे आणि तो हिशेब कोणाच्या तरी पैशाला लागतो, तिथे घ्यावी. संत्र्याचंच पाहा, आंबिया बहार आणि मृग बहार यांचे महिने वेगळे, तोड वेगळी, सौद्याच्या अटी वेगळ्या. हे दोन बहार दोन स्ट्रिंग म्हणून ठेवण्यापेक्षा दोन मूल्यं म्हणून, आपापल्या महिन्यांसह ठेवलेले बरे. उलट फॉर्मवर ‘स्त्री, पुरुष, इतर’ किंवा ‘सोमवार ते रविवार’ एवढंच हवं असेल, आणि तुम्ही टाइपस्क्रिप्टमध्ये लिहीत असाल, तर स्ट्रिंगचं युनियन पुरेसं आहे. फुकटचा क्लास कशाला.

शिकणाऱ्या मुलांना मी ही लायब्ररी आणखी एका कारणासाठी दाखवते. जावामध्ये २००४ पासून इनम हा पूर्ण क्लासच आहे, त्याला मेथड असतात, फील्डं असतात. पॉलिटेक्निकमध्ये जावा शिकलेल्या मुलांना ते परीक्षेपुरतं ठाऊक असतं. जावास्क्रिप्टमध्ये ‘इनम’ हा शब्द भाषेनं पहिल्यापासून राखून ठेवला, पण तशी सोय अजून दिलेली नाही. ती सोय साध्या क्लासमधून कशी उभी राहते, ते इनमिफायच्या कोडमध्ये ओळ न् ओळ दिसतं. गावातल्या दोन मुलींना मी तो छापून दिला आणि प्रतींचा इनम स्वतः लिहायला सांगितला. एकीनं मला विचारलं, “ताई, कवडीची कपात काट्यावर ठरते का पट्टीवर?” मी तिला सोबत घेऊन जिनिंगमध्ये गेले आणि प्रतवारी करणाऱ्या मामांसमोर उभं केलं. त्यांनी मूठभर कापूस तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “पोरी, काट्याच्या आधी. गाडी उभी असतानाच.” तिच्या इनममधली कपातीची मेथड आता ओलावा आणि प्रत दोन्ही काट्याच्या आधीच मागते, आणि तो कोड मी आहे तसा चालू कामात घेतला आहे.